कॅनडात कधी काही घडलंच नाही? एका इतिहासशिक्षकाचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ओंटारिओत दहावीला आहे. 'युद्धं, आर्थिक हलाखी आणि सामाजिक बदल कॅनडातल्या लोकांनी कसे अनुभवले' यावर तिला निबंध लिहायचाय. आई विचारतायत, "इथं ना फाळणी झाली, ना स्वातंत्र्यलढा. दोन्ही महायुद्धं लढली गेली ती युरोपात. मग या लोकांनी सोसलं तरी काय?"

मी हाच विषय इथल्या हायस्कूलमध्ये बरीच वर्षं शिकवतोय आणि हा प्रश्न पालकसभेत कुणी ना कुणी विचारतंच. आपली मंडळी तर हमखास. त्यात चूक काही नाही. पाठ्यपुस्तकच असं लिहिलेलं असतं की व्हिमी, मंदी, नॉर्मंडी, पेन्शन अशी स्टेशनं एकामागून एक जातात आणि गाडीत बसलेली माणसं दिसतच नाहीत.

तिला एक युक्ती सांगा. प्रत्येक प्रसंगात एवढंच पाहायचं, की सरकार लोकांच्या दारात आलं ते घ्यायला की द्यायला, आणि कुणाच्या दारात आलंच नाही. १९१४ साली प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानातल्या, शेतकऱ्याचा ओटावाशी संबंध जवळपास टपालापुरता होता. १९४५ मध्ये तेच सरकार पगारातून कर कापत होतं, साखर मोजून देत होतं, मुलाला लष्करात बोलवत होतं आणि बायकोच्या नावानं दरमहा चेक पाठवत होतं. तीस वर्षांत एवढी उलथापालथ झाली, आणि तिची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही.

पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करू. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आसपास. त्यातले सहा लाखांवर गणवेशात गेले आणि सुमारे ६१,००० परत आले नाहीत. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समधली व्हिमीची टेकडी घेताना चार दिवसांत ३,५९८ जण गेले. हे पुस्तकात असतंच. घरी काय चाललं होतं ते मात्र दोन ओळींत उरकतात. साध्या शिपायाला दिवसाला १ डॉलर १० सेंट मिळायचे आणि त्यातला बराचसा भाग तो आईच्या किंवा बायकोच्या नावे लावून द्यायचा. तेवढ्यात भागत नसे, म्हणून 'कॅनेडियन पेट्रिऑटिक फंड' होता. हा फंड सरकारी नव्हता, देणग्यांवर चालायचा. त्याच्या वतीनं बऱ्या घरच्या बायका शिपायांच्या घरी चौकशीला यायच्या. घर स्वच्छ आहे का, पैसे उधळले जात नाहीत ना, बाईचं वागणं कसं आहे? पसंत पडलं तर मदत. नवरा खंदकात आणि बायकोची घरी परीक्षा. 'मदतीला पात्र कोण हे आम्ही ठरवणार' हा सूर इथून पुढची पंचवीस वर्षं ऐकू येतो, त्याकडे मुलीचं लक्ष वेधा.

१९१७ साली सरकार घ्यायला आलं ते दोन्ही हातांनी. एक, आयकर. युद्धापुरती सोय म्हणून तो आणला गेला. आपण सगळे दर एप्रिलला भरतो तो हाच. दुसरी, सक्तीची लष्करभरती. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचा तिला कडाडून विरोध होता, म्हणून निवडणूक जिंकण्यासाठी पंतप्रधान बोर्डन यांनी मतदारयादीच फिरवली. सैनिकांच्या बायका, आया, बहिणींना मत दिलं, आणि १९०२ नंतर नागरिक झालेल्या, मूळच्या शत्रूदेशांतल्या लोकांचं मत काढून घेतलं. कॅनडात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत मिळालं ते असं, हिशेबानं. सरसकट हक्क १९१८ मध्ये आला. क्वेबेकच्या प्रांतिक निवडणुकीत तर बायकांना १९४० पर्यंत थांबावं लागलं. १९१८ च्या ईस्टरला क्वेबेक शहरात भरतीविरोधी दंगल झाली, सैन्यानं गोळीबार केला आणि चार नागरिक मेले. क्वेबेकचे लोक याच देशाचा इतिहास वेगळ्या चवीनं का सांगतात, त्याचं एक कारण या रस्त्यावर आहे.

युद्ध युरोपात होतं म्हणता, तर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हॅलिफॅक्स विसरू नका. ६ डिसेंबर १९१७ ला तिथल्या बंदरात दारूगोळ्यानं भरलेलं 'माँ ब्लाँ' दुसऱ्या जहाजाला धडकून पेटलं. माणसं घराच्या, शाळेच्या खिडक्यांशी येऊन आग बघत उभी राहिली आणि काही मिनिटांत स्फोट झाला. जवळपास २,००० मेले, ९,००० जखमी झाले, आणि खिडकीच्या काचांनी शेकडो माणसांचे डोळे गेले.

आता जरा आडवाट. १ जुलै म्हणजे कॅनडा डे, फटाके आणि लाल टीशर्ट. न्यूफाउंडलंडमध्ये मात्र त्या दिवशी सकाळी झेंडे अर्ध्यावर असतात. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या बोमाँ हामेल इथं त्यांची रेजिमेंट खंदकातून बाहेर पडली, सुमारे ८०० माणसं. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे होते. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतंच, ते वेगळं राज्य होतं. युद्धाचं कर्ज आणि पुढे मंदी यांत ते इतकं बुडालं की १९३४ मध्ये स्वतःची निवडून आलेली विधानसभा बाजूला ठेवून त्यांनी लंडननं नेमलेल्या आयोगाच्या हाती कारभार दिला. कॅनडात ते आलं १९४९ ला. चिनी कुटुंबांसाठीही १ जुलै ही तारीख कडूच: डोक्यामागे ५०० डॉलरचा कर घेऊनही भागेना, म्हणून १ जुलै १९२३ पासून चिनी लोकांचा प्रवेश जवळजवळ बंद केला गेला आणि तो कायदा १९४७ पर्यंत टिकला. नवरा व्हँकुव्हरला आणि बायको-मुलं ग्वांगडाँगला, अशी आयुष्यं गेली. मुलीला सोपा साचा हवा असेल तर निरनिराळ्या १ जुलैंवरच निबंध लिहू दे. शिक्षक खूश होतील.

युद्ध संपलं तेव्हा फ्लू आला आणि ५०,००० च्या आसपास माणसं घेऊन गेला. परत आलेल्या शिपायांना काम नाही, महागाई वाढलेली. मे १९१९ मध्ये विनिपेगमध्ये ३०,००० कामगार संपावर गेले आणि सर्वांत आधी खुर्च्या सोडल्या त्या टेलिफोन ऑपरेटर मुलींनी. २१ जूनला घोडेस्वार पोलीस जमावावर घुसले, गोळीबार झाला, दोघं मेले. जवळच्या एका छपरावरून चौदा वर्षांचा एक पेपर टाकणारा पोरगा हे बघत होता. नाव टॉमी डग्लस. त्याला लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

विसाव्या शतकातली कॅनडाची खरी जखम मात्र तिसाव्या दशकाची आहे, असं माझं ठाम मत आहे. इथं थोडं रेंगाळतो.

१९३३ पर्यंत देशाचं उत्पन्न चार वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घसरलं होतं आणि चारांतला किमान एक कामगार बेकार होता. गंमत म्हणजे अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या, कॅनडात या काळात एकही नाही. पण बँक शाबूत असून उपयोग काय, पिकाला भाव नसला तर? १९२९ ला बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, डॉलरच्या वर जाणारा गहू १९३२ च्या शेवटी चाळीस सेंटांच्या खाली आला. वर दुष्काळ. प्रेअरीतल्या सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिणेत वाऱ्यानं सुपीक माती उचलून नेली. दिवसा दिवे लावायचे, खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबायची, जेवणाची ताटं टेबलावर पालथी मांडायची. टोळ आले. गुरांना वैरण म्हणून 'रशियन थिसल' नावाचं काटेरी तण घालावं लागलं. १९३७ साली एकरी तीन बुशेलसुद्धा गहू निघाला नाही, आणि सस्कॅचेवानची दोन-तृतीयांश शेतकरी जनता सरकारी मदतीवर होती.

त्या मदतीला तिथं 'रिलीफ' म्हणत. ती द्यायची जबाबदारी गावची आणि प्रांताची, ओटावा हात झटकायचं. बऱ्याच ठिकाणी रोख मिळत नसे, दुकानात दाखवायची चिठ्ठी मिळे, आणि चिठ्ठी दाखवताना मागे रांगेत शेजारी उभा असे. अनेक गावांत रिलीफ हवं तर आधी गाडीचा परवाना जमा करायचा, दारूचा परवाना जमा करायचा. पेट्रोल तसंही परवडत नव्हतं. लोकांनी गाड्यांची इंजिनं काढली, पुढे घोडे जुंपले आणि तिला पंतप्रधानांच्या नावावरून 'बेनेट बग्गी' म्हणायला लागले. पूर्वेच्या प्रांतांनी मदत म्हणून खारवलेला कॉड मासा गाडीगाडीनं पाठवला. समुद्रापासून हजारो किलोमीटरवरच्या शेतकरणींना तो आधी भिजवायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही. मालवणची एखादी आजी तिथं असती तर अख्खं गाव जेवलं असतं!

आर. बी. बेनेट स्वतः गर्भश्रीमंत वाटावा असा लक्षाधीश, ब्रह्मचारी माणूस. हॉटेलात राहायचा. लोक त्याला शिव्या घालत आणि त्यालाच पत्रंही लिहीत. सस्कॅचेवानच्या एका शेतकरी बाईनं लिहिलं की नवऱ्याला थंडीत बाहेर काम करावं लागतं, त्याच्याकडे गरम आतले कपडे नाहीत, ईटन्सच्या कॅटलॉगमधला अमुक जोड पाठवाल का? बेनेटनं तो मागवून पाठवला. कुणाला पाकिटात पाच डॉलरची नोट जायची. खाजगीत विरघळणारा हाच माणूस धोरण म्हणून बेकारांना ठरलेला भत्ता द्यायला मात्र वर्षानुवर्षं तयार नव्हता. वर्गात मी या पत्रांवर अख्खा तास घेतो, कारण पेट्रिऑटिक फंडाचाच हा दुसरा अवतार आहे: कनवाळू माणूस भेटला तर मिळेल, नाहीतर नाही.

एकट्या तरुणांना तर गावं दारातही उभं करत नसत. ते मालगाड्यांच्या टपावरून काम शोधत देशभर फिरायचे. त्यांच्यासाठी १९३२ पासून लष्कराच्या देखरेखीखाली जंगलात छावण्या निघाल्या. जेवण, झोपायला जागा, आणि रस्ते बांधायचे, झाडं तोडायची. मजुरी दिवसाला वीस सेंट. जून १९३५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या छावण्यांतून बाहेर पडलेले हजारभर तरुण व्हँकुव्हरला मालगाड्यांवर चढले आणि 'ओटावाला जाऊन जाब विचारू' म्हणत निघाले. वाटेत आणखी चढत गेले. रिजायनाला सरकारनं त्यांना अडवलं. आठ जण बेनेटना भेटून आले, ते भांडून. १ जुलैच्या संध्याकाळी, पुन्हा तीच तारीख, बाजारचौकात सभा चालू असताना पोलिसांनी धाड घातली. एक पोलीस मारला गेला, आणि मार खाल्लेला एक आंदोलक पुढे दवाखान्यात मेला. त्या ऑक्टोबरात बेनेट निवडणूक हरले.

बेकारी विम्याची कथा तिला जरूर सांगा, कारण त्यात आपल्या ओळखीचं एक पात्र आहे. बेनेटनी शेवटच्या वर्षी असा कायदा केला होता. १९३७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, जिथं मुंबई हायकोर्टाची अपिलंही जायची त्याच कौन्सिलनं, हे काम प्रांतांचं आहे म्हणून तो रद्द केला. मग १९४० साली राज्यघटनाच बदलावी लागली. विमा सुरू झाला तेव्हा, १९४१ मध्ये, युद्धामुळे बेकारी संपत आली होती! आणि तरी शेतमजूर, मासेमार, घरकामाच्या बायका त्यातून बाहेरच. दहा वर्षं सर्वांत जास्त होरपळले त्यातले कितीतरी जण.

दुसऱ्या महायुद्धाचं पान त्यामानानं पटकन उलटतो. एक कोटी दहा लाखांच्या देशातून दहा लाखांवर लोक गणवेशात गेले आणि सुमारे ४५,००० मेले. हाँगकाँग, दिएप, ऑर्तोना, जूनो बीच ही नावं पुस्तकात मिळतील. पुस्तकात न मिळणारी एक गोष्ट: मे १९४४ मध्ये इटलीत गारी नदीवरच्या हल्ल्यात ८व्या इंडियन डिव्हिजनच्या पाठीशी कॅनडाचे रणगाडे होते, आणि त्या डिव्हिजनमध्ये १/५ मराठा लाइट इन्फंट्री होती. कोकणातला किंवा साताऱ्याकडचा शिपाई आणि कॅलगरीचा रणगाडेवाला एकाच आघाडीवर. निबंधात एक परिच्छेद याला द्यायला हरकत नाही.

घरी आता सगळ्याचं माप ठरलं. भाव गोठवले, रेशनपुस्तकं आली, साखर माणशी आठवड्याला अर्धा पौंड, चहा एक औंस. आपल्या घरात तेवढा दोन दिवस पुरला नसता. पण सगळ्यांना सारखं, आणि कुणाच्या दयेवर नाही, हा अनुभव मंदीतून आलेल्या माणसाला नवा होता. बायका कारखान्यांत आल्या. फोर्ट विल्यमच्या कारखान्यात हरिकेन विमानं बनत, तिथली मुख्य एरोनॉटिकल इंजिनीअर एल्सी मॅकगिल होती. ओंटारिओ आणि क्वेबेकमध्ये या कामकरी आयांसाठी सरकारी खर्चानं पाळणाघरं निघाली. युद्ध संपताच सरकारनं खर्चातला आपला वाटा बंद केला.

आणि त्याच सरकारनं काही दारं ठोठावली ती घरच काढून घ्यायला. सरकारला आणीबाणीचे अधिकार देणारा १९१४ चा 'वॉर मेझर्स अॅक्ट' हाताशी होताच. पहिल्या युद्धात त्याखाली ८,५०० हून अधिक लोक, बहुतेक युक्रेनी, छावण्यांत टाकले होते. बॅन्फच्या ज्या डोंगरात आपण फोटो काढतो तिथंच त्यांच्याकडून रस्ते खणून घेतले. १९४२ मध्ये पाळी जपानी वंशाच्या लोकांची. किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतले सुमारे २२,००० जण हलवले गेले. त्यांतले तीन-चतुर्थांश कॅनडाचे नागरिक होते. कुटुंबांना आधी व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमधल्या जनावरांच्या गोठ्यांत ठेवलं, मग डोंगरांतल्या ओसाड खाणगावांत. घरं, दुकानं, होड्या 'सांभाळायला' म्हणून एका सरकारी अधिकाऱ्याकडे दिल्या होत्या. १९४३ पासून त्यानं त्या मालकाला न विचारता विकायला काढल्या, आणि आलेल्या पैशातून त्यांच्याच पोटापाण्याचा खर्च वळता केला. लढाई १९४५ ला संपली, किनाऱ्यावर परत यायची मुभा मिळाली १ एप्रिल १९४९ ला. माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २१,००० डॉलर मिळाले १९८८ मध्ये. ज्यांचं दुकान गेलं त्यांतले बरेच तोवर गेलेच होते.

१९४५ च्या जुलैत कुटुंब भत्ता सुरू झाला. प्रत्येक मुलामागे वयानुसार महिना पाच ते आठ डॉलर, सोळा वर्षांपर्यंत. श्रीमंताला आणि गरिबाला सारखा. चेक आईच्या नावानं, आणि घर स्वच्छ आहे का हे बघायला कुणी येणार नाही. कितीतरी बायकांच्या नावावर आयुष्यात आलेला हा पहिला पैसा. सरकारला यात माणुसकीइतकीच भीतीही होती. युद्ध थांबलं की पुन्हा १९३० होईल, आणि डावा सीसीएफ पक्ष बाजी मारेल, ही.

त्या पक्षाच्या एका पुढाऱ्यानं १९४४ मध्ये सस्कॅचेवान जिंकलं होतंच: छपरावरचा तो पोरगा, टॉमी डग्लस. लहानपणी हाडाच्या आजारानं त्याचा पाय कापायची वेळ आली होती. एका सर्जननं विद्यार्थ्यांना शिकवायला केस मिळते म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. पुढे मंदीच्या काळात तो वेबर्न गावात पाद्री होता. औषधाला पैसे नाहीत म्हणून मेलेल्यांवर त्यानं अंत्यसंस्कार केले. १ जुलै १९६२ ला सस्कॅचेवानमध्ये सरकारी आरोग्यविमा लागू झाला, त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला आणि तो २३ दिवस चालला. डग्लस तोवर ओटावाच्या राजकारणात गेले होते. संप झेलला त्यांच्या जागी आलेल्या वुड्रो लॉइड यांनी, आणि पुढची निवडणूकही तेच हरले. आपल्या पाकिटातलं हेल्थ कार्ड या भांडणातून आलंय.

दारात कुणी आलंच नाही, असे लोक राहिले. टॉमी प्रिन्स हा मॅनिटोबातल्या ब्रोकनहेडचा आदिवासी शिपाई, दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात गाजलेला. तो परत आला तेव्हा त्याच्या समाजातल्या बहुतेकांना मत देता येत नव्हतं. आपला आदिवासी दर्जा न सोडता राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यायचा हक्क सगळ्यांना १९६० मध्ये मिळाला. त्या समाजाची दीड लाख मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली, शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. 'सामाजिक बदल' या मथळ्याखाली हे आलं नाही तर निबंध अर्धा आहे, असं मी स्पष्ट सांगतो.

आपल्या लोकांचंही तसंच. मे १९१४ ला 'कोमागाता मारू' ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं, दोन महिने बंदरात अडकवून जुलैत परत पाठवलं. दोन आठवड्यांत साम्राज्याला युद्धासाठी माणसं हवी झाली, आणि कॅनडाच्या सैन्यात दहाएक शीख भरतीही झाले. ब्रिटिश कोलंबियात भारतीयांना मत मिळालं १९४७ ला. १९६७ मध्ये वंश न पाहता शिक्षण, भाषा, कामाचं कौशल्य यांवर गुण द्यायची पद्धत आली. ठाण्या-पुण्याचे इंजिनीअर इथं येऊ लागले ते त्या दारानं.

पुढचं थोडक्यात. वॉर मेझर्स अॅक्ट तिसऱ्यांदा निघाला १९७० च्या ऑक्टोबरात, क्वेबेकमध्ये, शांततेच्या काळात, आणि वॉरंटशिवाय शेकडो लोक उचलले गेले. १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडचा कॉड संपला म्हणून मासेमारी बंद केली, एका फटक्यात तीस हजार माणसांचं काम गेलं. अफगाणिस्तानात १५८ सैनिक गेले; त्यांच्या शवपेट्या ट्रेंटनहून टोरोंटोला ४०१ हायवेनं यायच्या तेव्हा पुलापुलावर लोक झेंडे घेऊन उभे राहत.

आता निबंधाचं. सगळं शतक कोंबायला जाऊ नका. तुमच्या गावाच्या चौकात युद्धस्मारक असेलच. त्यावरचं एक नाव निवडा. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या फायली ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं ऑनलाइन फुकट ठेवल्यात. भरतीचा फॉर्म पहिला दिसतो: उंची, छातीचं माप, धंदा, धर्म. मुलं तिथंच थांबतात. तिला थेट पगाराच्या कागदांकडे जायला सांगा. महिन्याला किती डॉलर कुणाच्या नावे लावले होते, कुठल्या पत्त्यावर, आणि ते कुठल्या महिन्यात थांबले, हे तिथं मिळतं. हस्ताक्षर वाकडंतिकडं असतं, तेव्हा शनिवारची सकाळ मोकळी ठेवा आणि दोघी मिळून वाचा.